नमुना बारा भरला, नमुना सात कोरा

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर दोन नमुने असतात. वरचा गाव नमुना सात, अधिकार अभिलेखाचा: जमीन कुणाच्या नावावर आहे, कुळ कोण, बोजा कोणत्या सोसायटीचा, इतर हक्कांत कुणाची नावं. खालचा नमुना बारा, पिकांचा: कोणत्या साली काय पेरलं, पाणी कशाचं, पड किती. जमिनीवरची मराठी पुस्तकं ओळीने वाचत गेलं, की आपल्या लेखकांनी नमुना बारा जीव ओतून भरल्याचं दिसतं. पाऊस, पेरणी, सुगी, दुष्काळ, गुरंढोरं यांबद्दल मराठीत जे लिहिलं गेलं आहे ते कुठल्याही भाषेला अभिमान वाटावा असं आहे. नमुना सात मात्र बहुतेकांनी कोराच सोडला. माणसाचं जमिनीवर किती प्रेम आहे ते पानोपानी कळतं. ती जमीन त्याच्याकडे आली कशी, कुणाकडून आली आणि कोणत्या सहीने गेली, हे क्वचितच कळतं.

सुरुवात अशी नव्हती, म्हणून हे अधिक खटकतं. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्या पुस्तकात माती आणि कागद एकाच दमात येतात. डोंगरावरचा पालापाचोळा, गुराढोरांचं शेण, मेलेल्या किड्यामुंग्यांचा अंश पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरतो आणि जमीन सुपीक राहते. जंगल खात्याने डोंगर आणि गायरानं ताब्यात घेतली, तेव्हा शेतकऱ्याची चराईही गेली आणि हे फुकटचं खतही गेलं, हे फुले सांगतात. शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून सरकारने पोलिस आणि पलटणीतल्या शिपायांकडून ताली, बंधारे घालून घ्यावेत, अशी त्यांची सूचना आहे. आणि त्याच पुस्तकात खतपत्र, कज्जा, कुलकर्ण्याची लेखणी, सावकाराचं व्याज, कचेरीतले हेलपाटे हे सगळं तितक्याच तपशिलाने आहे. जमिनीचा कस आणि जमिनीचा दस्त ही एकाच प्रश्नाची दोन अंगं आहेत, हे ज्याला पहिल्यापासून दिसत होतं असा हा लेखक. फुल्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ पत्रानेसुद्धा त्यातली पहिली दोन प्रकरणं छापून पुढची थांबवली, यावरून तो मजकूर त्या काळात किती जड गेला असेल हे समजतं.

त्यानंतर 1915 मध्ये त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ आला. आत्रे महसूल खात्यातले. काळी आणि पांढरी, वतनं, इनामं, बलुतं, अलुतं, फिरस्ते, गावकीची देणीघेणी यांचा असा जमाखर्च मराठीत पुन्हा कुणी मांडला नाही. त्यांचे काही सामाजिक निष्कर्ष आज पटणार नाहीत. भटक्या जातींबद्दल त्यांनी लिहिलेलं वाचताना तर त्रास होतो. पण कोण कुणाच्या जमिनीवर कोणत्या हक्काने उभा आहे, हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

मग कादंबरी आली आणि हा प्रश्न मागे पडला. र. वा. दिघ्यांच्या ‘पाणकळा’पासून (1939) ग्रामीण कादंबरी निसर्गाच्या रौद्र आणि रमणीय रूपात रंगू लागली. पुढे गो. नी. दांडेकरांनी ‘पडघवली’ (1955) आणि ‘माचीवरला बुधा’ (1958) लिहिल्या. ‘पडघवली’त अंबूवहिनीच्या तोंडून एक कोकणी गाव ओस पडताना आपण पाहतो. भाषा इतकी जिवंत, की आगरातला ओलावा हाताला लागावा. पण ते गाव ओस का पडलं, कुळांचं काय झालं, शहरात गेलेल्या भावंडांचा हिस्सा कुणाच्या नावे राहिला, याकडे कादंबरी वळत नाही. हुरहूर आहे, आणि ती खरी आहे. मात्र ती सोडून जाणाऱ्याची आहे. त्याच गावात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला त्या ओस पडण्यातून काही मिळालं असेल का, हा विचार वाचकाने स्वतःच करायचा.

‘काळी आई’ या कल्पनेने आपल्या साहित्याला फार दिलं, पण एक गोष्ट हिरावूनही घेतली. जमिनीला आई म्हटलं की वाटणीचं, गहाणाचं, विक्रीचं बोलणं अशिष्ट ठरतं. गावात तर रोज तेच बोलणं चालतं. भावाभावांत बांधावरून कोर्टकचेऱ्या चालतात, वीत-वीतभर जमिनीसाठी मोजणी मागवली जाते, एका फेरफार नोंदीसाठी तलाठ्याच्या दारात उन्हाळे जातात. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (1967) मला अतिशय प्रिय आहेत. पळसखेडच्या रानाने मराठी कवितेला जो सूर दिला तो आधी नव्हता. पण त्या सुराचा पुढे साचा झाला. गेल्या काही दशकांतल्या कितीतरी गावाकडच्या कवितांत माती गंधाळलेली, बाप राबणारा आणि पाऊस रुसलेला असतो; बापाच्या नावावर एकर किती आणि कर्ज किती, हे मात्र कळत नाही.

या प्रवाहात दोन कादंबऱ्या उंच उभ्या आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) त्यांपैकी एक. धनगरांचं माणदेशी जमिनीशी असलेलं नातं मालकीपेक्षा चराईचं. पाऊस पडला तर वाडी आहे, नाही पडला तर माणसं मेंढरं घेऊन चालू लागणार. माडगूळकर हे कुठेही समजावून सांगत नाहीत, दुष्काळावर आक्रोश करत नाहीत. वाडी रिकामी होत जाते आणि आपल्याला कळतं की जमीन माणसाला धरून ठेवते तशीच सोडूनही देते. सत्तर वर्षांनंतरही या छोट्या पुस्तकात एक ओळ जास्तीची वाटत नाही.

दुसरी आनंद यादवांची ‘गोतावळा’ (1971). तिच्याकडे अजूनही पुरेसं लक्ष गेलेलं नाही असं माझं मत आहे. अभ्यासक्रमात ती ‘यंत्रयुगाचं आक्रमण’ या मथळ्याखाली शिकवली जाते आणि तिथेच संपते. नारबा सालगडी आहे. ज्या मळ्यात तो राबतो त्यातलं एक ढेकूळही त्याचं नाही. बैल, म्हशी, शेळ्या, कुत्रं, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. त्याला स्वतःचा संसार नाही, आणि मालक लग्न लावून देईल या आशेवर दिवस चालले आहेत. मग मालक ट्रॅक्टर आणतो, एकेक जनावर जातं आणि नारबाचं जग उजाड होतं. सगळी कादंबरी त्याच्या कोल्हापुरी बोलीत आहे, त्यामुळे मळ्यावरचं त्याचं प्रेम वाचकाला आतून कळतं. आणि तिथेच यादवांनी फार मोठी गोष्ट केली आहे. जमिनीवर जीव असणं आणि जमीन नावावर असणं या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या करून दाखवल्या. मालकाला मळ्याबद्दल नारबाच्या निम्मंही वाटत नाही, पण निर्णय त्याचा. ज्याचा जीव आहे त्याला बोलायलाही जागा नाही. सालगड्याच्या तोंडून जमिनीची कादंबरी लिहिणं हा त्या काळात धाडसाचा निर्णय होता, आणि नंतर तो फार थोड्यांनी घेतला. आज गावोगावी सालगडी मिळत नाही म्हणून तक्रार आहे. सालगडी असणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला मराठीत याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

मालकीचा कागद उघडणाऱ्या कादंबऱ्यांत श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ (1987) पहिली घ्यावी लागेल. जगबुडी नदीच्या काठावरच्या खोत घराण्याच्या चार पिढ्या दोन खंडांत येतात. खोती म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला वसुलीचा हक्क. त्यातून आलेला माज, दरारा, ऐषआराम आणि पडझड पेंडशांनी मोठ्या आवाक्याने रंगवली. मात्र कादंबरी खोतांच्या वाड्यातून लिहिलेली आहे. डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कुळांनी मोर्चे काढले, 1949 च्या कायद्याने खोती गेली. ही बाजू कुळाच्या पडवीतून सांगणारी त्या तोलाची कादंबरी आपल्याकडे नाही.

कूळकायद्याचंही तसंच. 1948 चा कायदा, आणि 1 एप्रिल 1957 ला पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली तो दिवस, यांनी लाखो घरांचं नशीब फिरवलं. कुणाच्या घरी पहिल्यांदा स्वतःचं भात आलं, कुणाच्या घरचं वर्षाचं धान्य बंद झालं. काही ठिकाणी मालकांनी आधीच कुळांना हुसकावून नोंदी बदलून घेतल्या. माडगूळकरांच्या ‘वावटळ’मध्ये (1964) गांधीहत्येनंतर झालेल्या 1948 च्या जळितामुळे गाव सोडणारी ब्राह्मण कुटुंबं आहेत, त्यांच्यामागे राहिलेल्या जमिनींचं पुढे काय झालं, ही निराळी कथा होती. ती लिहिली गेली असती तर महाराष्ट्राच्या ग्रामीण सत्तेचं मूळ आपल्याला साहित्यातून कळलं असतं.

भूमिहीनांनी लिहायला घेतलं तेव्हा नमुना सात आपोआप उघडला, कारण त्यांचं नाव त्यावर नव्हतं हाच त्यांचा अनुभव होता. दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) वाचताना महारकीचं वतन म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या बदल्यात अख्ख्या गावाची अहोरात्र चाकरी, हे लख्ख दिसतं. नामदेव ढसाळांनी तर अशा वतनी जमिनीचंच नाव, ‘हाडकी हाडवळा’, आपल्या कादंबरीला दिलं. लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’ने (1980) तर पाल टाकायलाही जमीन नसलेल्या माणसाची बाजू आणली. भूमिहीनांचे सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये केले, गायरानांचा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि या लढ्यांची स्वतंत्र कथा-कादंबरी अजून हवी तशी झालेली नाही. दलित आत्मकथनांची चर्चा आपण जातीच्या अंगाने केली, ते योग्यच होतं. जमिनीच्या अंगानेही ती वाचायला हवीत.

आदिवासींबद्दल दोन पुस्तकं जवळजवळ ठेवून वाचावीत. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) हे 1945 च्या वारली उठावाचं कथन. उंबरगाव-डहाणूच्या जंगलात जमीनदारांची वेठ होती, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको जन्मभर गुलाम होत. त्यांना लग्नगडी म्हणत. परुळेकरबाई हे सगळं साक्षीदाराच्या नेमकेपणाने सांगतात. पण कथन बाहेरून आलेल्या कार्यकर्तीचं आहे, आणि त्या स्वतः ते लपवत नाहीत. त्याच्या शेजारी नजूबाई गावितांची ‘तृष्णा’ ठेवा. धुळे-नंदुरबारकडची ही आदिवासी बाई जमिनीसाठी चाललेल्या लढ्यातून आलेली. तिच्या लेखनात जंगल सुंदर दिसावं म्हणून येत नाही. भूक, मजुरी, पाटलाची शिवी आणि आईचे कष्ट यांच्यासोबत येतं. ‘तृष्णा’ला जेवढे वाचक मिळायला हवे होते तेवढे मिळाले नाहीत.

बाईचा विषय निघालाच आहे, तर सगळ्यात मोठी उणीव इथेच सांगतो. बहिणाबाई चौधरींची गाणी 1952 मध्ये छापून आली आणि शेतात राबणाऱ्या बाईचं शहाणपण मराठीला कळलं. पेरणी, निंदणी, मळणी बाई करते, हे त्यानंतर कुणी नाकारलं नाही. पण सातबारा? शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे ‘लक्ष्मी मुक्ती’च्या कार्यक्रमात हजारो नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. 1994 मध्ये महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, 2005 मध्ये तो देशभर झाला. त्यानंतर गावागावांतून बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं जाऊ लागलं. माहेर तुटू नये म्हणून सही करणारी बहीण, न करणारी आणि त्यामुळे भाऊबीज बंद झालेली बहीण, या बायका आपल्या प्रत्येकाच्या ओळखीच्या आहेत. त्यांची कादंबरी कुठे आहे?

धरणाच्या बाबतीत मराठीने आपलं काम बरंच चोख केलं. मुळशीचा सत्याग्रह 1921 चा, सेनापती बापटांच्या नावाशी जोडलेला. राजेंद्र व्होरांनी त्यावर संशोधन करून जे पुस्तक लिहिलं त्यात सावकार-मालकांचे हितसंबंध आणि मावळ्यांचे हितसंबंध एक नव्हते, हे धीटपणे मांडलं. कादंबरीत विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (1991) आहे. पाटील स्वतः प्रशासनात होते, त्यामुळे संपादनाची नोटीस, मोबदल्याचे तक्ते, पर्यायी जमिनीच्या फायली, त्या फायलींभोवती जमणारी माणसं, हे सगळं आतल्या माहितीने येतं. महाराष्ट्राने 1976 मध्ये देशातला पहिला पुनर्वसन कायदा केला, तरी कोयनेच्या विस्थापितांना अर्धशतकानंतरही रस्त्यावर बसावं लागलं. कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांच्यामध्ये माणूस कसा भरडला जातो, ते ‘झाडाझडती’इतकं कुणी दाखवलेलं नाही. तिची भाषा काही ठिकाणी चढी होते, पात्रं काळी-पांढरी होतात. तरीही आपल्या साहित्यात नमुना सात इतक्या नेटाने वाचणारी दुसरी कादंबरी नाही.

कृष्णात खोतांची ‘रिंगाण’, जिला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ती जिथे ‘झाडाझडती’ संपते तिथून पुढे जाते. माणसं नव्या जागी आली, जनावरं मागे राहिली आणि रानटी झाली. त्यांच्यामागे जाणारा माणूस आपल्याच जुन्या जमिनीवर परका होऊन फिरतो. खोतांचं वाक्य तुटक, बोलीतलं, श्वास लागल्यासारखं पळतं. विस्थापनावर आता नवं काय लिहायचं, असं वाटत असताना त्यांनी जनावर आणि जमीन यांतून ते काढलं.

शेतकरी आत्महत्यांच्या काळाचं पुस्तक म्हणजे सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (2002). शिकलेला, नोकरी नसलेला एकनाथ, वैतागलेला धाकटा भाऊ, कर्ज, नोकरीसाठी शेत विकायचं का यावरून घरात पेटणारं भांडण: वऱ्हाडातलं एक घर आतून कसं पोखरलं जातं ते देशमुखांनी दाखवलं. ‘बारोमास’नंतर या विषयावर पुष्कळ कादंबऱ्या आल्या आणि फास, विषाची बाटली, पंचनामा असा एक ठरीव क्रम झाला. मराठवाड्यातून लिहिणारे आसाराम लोमटे मला या गर्दीत वेगळे वाटतात. ‘आलोक’मधल्या त्यांच्या दीर्घ कथांत गावचं राजकारण आणि शेतीची कोंडी एकमेकांत गुंतलेली असतात आणि वाचकाला रडवण्याची घाई नसते.

ललितेतर लेखनाची स्थिती याहून विरळ. शरद जोशींच्या ‘अंगारमळा’त आंबेठाणच्या कोरडवाहू शेतीने त्यांना शिकवलेलं अर्थशास्त्र आहे. मिलिंद बोकिलांनी ‘कातकरी: विकास की विस्थापन?’ आणि ‘गोष्ट मेंढा गावाची’ ही दोन पायाभूत पुस्तकं दिली. गडचिरोलीतल्या मेंढा गावाला 2009 मध्ये जवळपास 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2013 मध्ये गावकऱ्यांनी ग्रामदान कायद्याखाली आपली सगळी शेतजमीन ग्रामसभेकडे दिली. खाजगी मालकीचा रकाना मिटवणारं हे गाव. बोकिलांनी त्याची गोष्ट भाबडेपणा टाळून सांगितली. आणि खुद्द मातीबद्दल? कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांचं ‘नांगरणीशिवाय शेती’ हे शेतकऱ्यानेच लिहिलेलं पुस्तक जमिनीतल्या सूक्ष्मजीवांना काय खायला लागतं इथपासून सुरू होतं. साहित्याच्या चर्चेत त्याचं नाव कुणी घेत नाही. फुल्यांनी जी माती विषय म्हणून हाताळली, तिच्याकडे मराठी गद्याने नंतर पाठ फिरवली, आणि उसाच्या पट्ट्यात जमिनी खारवून पांढऱ्या पडत असताना तिच्यावर याखेरीज एक चांगलं वाचनीय पुस्तक नसावं, ही शरमेची बाब आहे.

आता राहिला विकलेल्या जमिनीचा विषय. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान यांनी 1917 मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास इंग्रजीत प्रसिद्ध केला. 1771 मध्ये तिथलं सरासरी खातं 40 एकरांचं होतं, 1915 पर्यंत ते 7 एकरांवर आलं, हे त्यांचं निरीक्षण जगभर उद्धृत झालं. आज त्या गावात टॉवर आणि मॉल आहेत. मधल्या शंभर वर्षांत त्या 7 एकरांचे गुंठे कसे झाले, कुणी विकले, पैशाचं काय झालं, हे सांगणारं मराठी पुस्तक मला सापडलेलं नाही. सिडकोने 1970 नंतर नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या, 1984 मध्ये जासईला शेतकरी गोळीबारात मेले, घेतलेल्या जमिनीपोटी परत मिळायच्या विकसित भूखंडांचा ‘साडेबारा टक्के’ हा शब्द प्रत्येक आगरी घरात आहे. कादंबरीत तो कुठे आहे? 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 10 जिल्ह्यांतून गेला, रातोरात कोट्यवधी रुपये खात्यावर आले, बहीणभावांत फूट पडली. ‘मुळशी पॅटर्न’ (2018) या चित्रपटाने हा विषय पडद्यावर आणला, पण तो लवकरच टोळीयुद्धाच्या वाटेने गेला. प्रवीण बांदेकरांच्या ‘चाळेगत’ने सिंधुदुर्गातल्या बदलत्या जमिनीला हात घातला आणि जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’मधल्या कथांनी गिरण्यांच्या जागेवर मॉल उभे राहिल्यावर गिरणगावातला माणूस कुठे गेला हे विचारलं. बाकी शांतता आहे. जमीन दुष्काळाने जाते, धरणाने जाते, सावकाराने जाते, हे आपण लिहिलं. ती आपल्याच सहीने, राजीखुशीने आणि चांगल्या भावाने जाते तेव्हा माणसाचं काय होतं, हे लिहायला आपले लेखक कचरतात, कारण तिथे दोष द्यायला परका कुणी नसतो.

ही पुस्तकं पुण्यामुंबईच्या लेखकांकडून येतील असं मला वाटत नाही. ‘गावगाडा’ महसूल खात्यातल्या माणसाने लिहिला, ‘झाडाझडती’ अधिकाऱ्याने. आज तालुक्याच्या गावी बसलेले तलाठी, भूकरमापक, दस्त लिहिणारे, बँकेचे वसुली अधिकारी, वनहक्काचे दावे भरणारे कार्यकर्ते आणि हक्कसोडपत्रावर सही केलेल्या किंवा नाकारलेल्या मुली, यांच्यापाशी ही सगळी सामग्री पडून आहे. त्यांनी लिहावं. आणि संपादक-प्रकाशकांनी त्यांच्याकडे गंधाळलेली माती मागू नये; गट नंबर, क्षेत्र, बोजा आणि नावं मागावीत.